तेवीस कुंड्यांचं सेफ्टी ऑडिट

मांजरं आणि झाडं एकाच घरात सुखरूप राहू शकत नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी सुरक्षा या विषयावर माझ्याशी बोलूच नये. मी एकतीस वर्षं कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर होतो. आमच्या विभागात प्रेस मशीनं होती, क्रेन होती, ॲसिडच्या टाक्या होत्या, आणि आपल्याला काही होणार नाही अशी पक्की खात्री असलेली दोनशे माणसं होती. एकतीस वर्षांत एकाचंही बोट चेचलं नाही. एकदा चेचलं ते विक्री विभागाच्या मॅनेजरचं, आणि तेही त्याच्या स्वतःच्या गाडीच्या दारात. तो अपघात माझ्या हद्दीत येत नाही. मी तसं लेखी दिलं होतं.

तेव्हा दोन मांजरं आणि तेवीस कुंड्या म्हणजे माझ्या दृष्टीने किरकोळ काम! आठ दिवसांत उरकतो, असं मी मुलीला छातीठोकपणे सांगितलं. तिने ते फोनमध्ये टिपून ठेवलं. अजून अधूनमधून काढून दाखवते.

कुंड्या माझ्या नव्हेत, बायकोच्या. ती गेल्या वर्षी गेली. दुखणं नाही, खुपणं नाही. सकाळी कुंड्यांना पाणी घालून झालं, झारी जागेवर ठेवली, डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली, आणि संपलं. कारखान्यात शिफ्ट बदलतानासुद्धा पुढच्या माणसासाठी वहीत चार ओळी लिहाव्या लागतात. हिने चौतीस वर्षांच्या संसाराचा चार्ज देताना कुठल्या कुंडीला किती पाणी एवढंही सांगितलं नाही.

भेटायला आलेल्या माणसांनी मला भरपूर सल्ले दिले. स्वतःला गुंतवून घ्या. वेळ हेच औषध. एकाने मला पोहायला जायला सांगितलं. मी सगळ्यांना हो म्हटलं आणि ते गेल्यावर झारी उचलली. किती पाणी घालायचं ते माहीत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना सारखं घातलं. न्याय म्हणजे न्याय. तीन महिन्यांत चार कुंड्या कुजून गेल्या. सत्तावीस होत्या, तेवीस उरल्या. अपघातमुक्त विभागाचा प्रमुख, आणि घरात एका तिमाहीत चार मृत्यू!

पाचवी कुंडी जाऊ द्यायची नाही, एवढं मी त्या दिवशी ठरवलं. बाकी आयुष्यात ठरवण्यासारखं फारसं काही उरलंही नव्हतं.

मग मांजरं आली. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. एका शनिवारी ती दोन पिंजरे घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, तुम्हाला सोबत होईल. नंतर बोलता बोलता कळलं, तिच्या नव्या घरमालकाला घरात जनावरं चालत नाहीत. म्हणजे मला सोबत हवी होती म्हणून नव्हे, तर घरमालकाला नको होती म्हणून मला ती मिळाली. पण मुलगी आहे. आणि आईवर गेली आहे. मी दार उघडं ठेवलं.

मांजरांना तिने छान छान नावं ठेवली होती. मला ती उच्चारता येईनात, म्हणून मी कामगारांच्या वर्गवारीप्रमाणे ठेवली. बोका जाडजूड. काही काम करत नाही आणि जागेवरून हलवता येत नाही. तो कायम. मांजरी काटकुळी. सात माणसांचं काम एकटी करते आणि सातही कामं चुकीची. ती हंगामी.

तिसऱ्या दिवशी हॉलमधल्या एका पानावर मला दातांची खूण दिसली. मुलीला फोनवर सहज म्हणून सांगितलं. पलीकडे बोटं टकटकली, आणि मग तिने मला एक यादी वाचून दाखवायला सुरुवात केली. यादी मांजरांना बाधणाऱ्या झाडांची होती. माणसं घरात जी झाडं हौसेने लावतात, त्यांतली निम्मी तरी तिच्यात होती. कुणाने उलट्या, कुणाने तोंडाला फेस, कुणाने मूत्रपिंडं निकामी. आमच्या ॲसिडच्या टाकीवरचा फलक यापेक्षा सौम्य होता.

मुलीने तिथल्या तिथे निर्णय दिला. पुढच्या रविवारी मैत्रिणीची व्हॅन घेऊन येते आणि सगळ्या कुंड्या तिच्या ऑफिसच्या बागेत लावून टाकते. तिथे माळी आहे, ऊन आहे, आईची झाडं चांगल्या जागी जातील.

मी म्हटलं, मांजरं ने. ती म्हणाली, कुठे नेऊ?

मग ती जरा थांबून म्हणाली, "बाबा, जिवंत काय आहे त्याचा विचार करा ना."

"झाडंही जिवंतच आहेत," मी म्हटलं.

मग मी ते आठ दिवसांचं वाक्य बोललो. रीतसर ऑडिट करतो, धोकादायक माल वेगळा काढतो, रविवारी येशील तेव्हा दाखला तयार असेल. ती म्हणाली, रविवारी एक जरी कुंडी मांजरांच्या तोंडाशी दिसली, तर व्हॅन भरून जाईल. माझीच मुलगी. अटी घालायला तिला मीच शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही आखली. अनुक्रमांक, वस्तूचे नाव, धोक्याचे स्वरूप, उपाययोजना, शेरा. पहिल्या कुंडीपाशी बसलो आणि दुसऱ्याच रकान्यात अडकलो. वस्तूचे नाव काय?

प्रत्येक कुंडीत तिने आइस्क्रीमची काडी खोचली होती आणि काडीवर पेनाने नाव लिहिलं होतं. पण झाडाचं नव्हे. एकीवर लिहिलं होतं 'शिंपी'. दुसरीवर 'दंतवैद्य'. तिसरीवर 'लायब्ररीतल्या बाई'. चौथीवर 'वरच्या मजल्यावरची सून'. हॉलच्या कोपऱ्यातल्या सगळ्यांत मोठ्या कुंडीत 'मोठ्या वन्सं', म्हणजे माझी थोरली बहीण. बायको कधी विकत झाड आणत नसे. जाईल तिथून एक फांदी मागून आणायची, आणि ज्याने दिली त्याचं नाव काडीवर लिहून टाकायची. झाडाचं खरं नाव काय, हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं ती रोज काहीतरी सांगायची आणि मी पेपर वाचायचो. "शिंप्याला दोन दिवस पाणी नाही विचारलं," म्हणायची. मला वाटायचं, आपल्याला काय त्याचं? "वन्सं फार पसरल्यात, छाटायला हव्यात," असंही एकदा कानावर आलं होतं. मी मुकाट्याने पान उलटलं होतं. आणि "दंतवैद्याला कीड लागली," असं ती म्हणाली, तेव्हा जगात न्याय आहे असं मी म्हणालो होतो.

मुलीने फोटो पाठवायला सांगितलं. पाठवले. तिच्या फोनमधल्या ॲपने एकाच कुंडीला तीन नावं दिली, आणि एका फोटोत मागे झोपलेल्या कायमला कोबी ठरवलं. तेव्हा एकच मार्ग उरला. ज्याने झाड दिलं, त्याला विचारायचं.

मी पहिला फोन शिंप्याला केला. मला नमनाला तेल जाळायची सवय नाही. तुम्ही आमच्या मंडळींना जे दिलंत ते विषारी आहे का, असं सरळ विचारलं. तो बिचारा घाबरला. म्हणाला, साहेब, कपड्याचा रंग एखाद्या वेळी जातो, पण विष कसं असेल? पाच मिनिटांनी खुलासा झाला की त्याने कोरफड दिली होती. कोरफड यादीत होती. मी आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, बाई दर गुरुवारी दुकानात यायच्या. शिवायचं काही नसलं तरी अर्धा तास मशीनजवळच्या स्टुलावर बसायच्या.

"कशाला?" मी विचारलं.

"मशीन चालू असलं की बरं वाटतं म्हणायच्या. साहेबांच्या कारखान्यात असाच आवाज येत असेल, म्हणायच्या."

ती कारखान्यात कधी आली नव्हती. एकदा बघायचाय म्हणाली होती. मीच पास दिला नव्हता. सुरक्षेचा प्रश्न होता.

शिंप्याच्या नावापुढे मी 'धोकादायक' लिहिलं आणि त्या दिवशी पुढचा फोन केला नाही.

दंतवैद्याचं प्रकरण जास्त लांबलं. त्याच्या दवाखान्यातल्या बाईने मी काय म्हणतो ते ऐकून न घेताच मला दुसऱ्या दिवशी दहाची वेळ दिली. गेलो. दंतवैद्याने मला खुर्चीत आडवं केलं, इंजेक्शन दिलं, एक दाढ भरली, आणि मग विचारलं, काय त्रास होता? मी बधिर तोंडाने मांजर, फांदी, विष असं काहीतरी सांगितलं. सुदैवाने अर्धवट बोलणं समजून घ्यायची त्याला सवय आहे. तो म्हणाला, मनीप्लांट. माझ्या वेटिंगरूममधला. तुमच्या बाई दाढेला घाबरायच्या, आणि फांदी देईन असं कबूल केल्याशिवाय तोंड उघडायच्या नाहीत. मनीप्लांटही यादीत होता. मी एका बाजूने हसून घरी आलो.

लायब्ररीतल्या बाई फोनवर कुजबुजतात, नोकरीमुळे. मी मांजर हा शब्द उच्चारताच त्या मोठ्याने बोलल्या. माझं झाड लिली आहे, आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, दार बंद करा, मी निघाले. लिलीचे नुसते पराग अंगावर पडले आणि मांजराने ते चाटले, तरी मूत्रपिंडं जातात म्हणाल्या. पंधराव्या मिनिटाला त्या जिना चढून आल्या.

कुंडीत दोन कळ्या होत्या. दर वर्षी या दिवसांत बायको मला हाक मारून फूल दाखवायची आणि मी बसल्या जागेवरून "छान" म्हणायचो. यंदा उठून बघायचं मी ठरवलं होतं. ते राहिलं. बाईंनी कुंडी पदराआड धरली, जाताना काडीही मागितली. काडी मी दिली नाही.

शुक्रवारपर्यंत वही भरली. थोरल्या बहिणीला फोन करायचं धाडस झालं नाही; तिचं झाड लायब्ररीतल्या बाईंनीच जाताना ओळखून दिलं होतं. घरात बावीस कुंड्या. चौदा निर्धोक, त्यांना हिरवं कार्ड. सात विषारी, त्यांना लाल. आणि एक प्रलंबित.

ही प्रलंबित कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. लांब, बारीक, पांढऱ्या पट्ट्यांची पानं, कुंडीतून खाली लोंबणारी पिल्लं. काडीवर लिहिलं होतं 'सुपरवायझर'. हा कोण ते मला ठाऊक होतं. बायको चिडली की मला याच नावाने हाक मारायची, म्हणजे साधारण रोज. पण मी तिला झाड दिल्याचं मला काही केल्या आठवेना. मी देणारा माणूसच नव्हे. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला मी तिला अग्निशामक दिला होता. स्वयंपाकघरासाठी. चांगल्या कंपनीचा.

अज्ञात वस्तू धोकादायक समजून ताबडतोब वेगळी काढावी, हा नियम मी दोनशे माणसांना तोंडपाठ करायला लावला होता. पण ती कुंडी तिने शेवटचं पाणी घालून जिथे ठेवली तिथेच होती. मी ती हलवली नाही. वहीत लिहिलं, 'माहिती येणे बाकी', आणि पुढे गेलो. अपघाताच्या चौकशीत नेमकी हीच ओळ सापडते.

सात लाल कुंड्या मी बाथरूममध्ये हलवल्या. घरात दाराला कडी असलेली आणि मांजरांना नावडती अशी तेवढीच जागा होती. प्रत्येक काडीखाली लाल कार्ड लावलं. कारखान्याच्या नमुन्याप्रमाणे: नाव, धोका, लक्षणे, उपाय. आता मी रोज जंगलात आंघोळ करू लागलो. साबण कोरफडीत पडायचा, मनीप्लांट मानेवर यायचा, आणि डोळे मिटून टॉवेल शोधताना हाती भलतंच पान लागायचं. दाराबाहेर कायम आणि हंगामी शेजारी शेजारी बसून असायचे. आत इतका वेळ काय चाललंय, याची त्यांना काळजी.

मांजरांसाठी मी एका ट्रेमध्ये गहूसुद्धा पेरले. त्यांना पाला हवाच असेल तर बिनधोक खा बाबांनो. गहू उत्तम उगवले. कायम त्यांच्यावर झोपला.

शनिवारी सगळं तयार होतं. दुसऱ्या दिवशी मुलगी येणार, मी वही पुढे करणार, ती सही करणार, व्हॅन रिकामी जाणार. दुपारी तीनला बेल वाजली आणि दारात आक्का उभी. आक्का म्हणजेच त्या मोठ्या वन्सं. बत्तीस वर्षं शाळेत मुख्याध्यापिका होती. अजूनही लग्नपत्रिका हातात आली की आधी त्यातल्या चुका काढते. माझं कसं चाललंय ते बघायला आली होती, म्हणजे तपासायला. तिने हॉल बघितला, हिरवी कार्डं वाचली, एका कार्डावरची वेलांटी बदलायला लावली, आणि हात धुवायला आत गेली.

दार लागल्याचा आवाज आला. पाण्याचा आला नाही.

मग मला आठवलं.

आक्का बाहेर आली ती लाल कार्ड हातात धरून. एखाद्या पोराची कॉपी पकडल्यावर धरावी तशी. आणि तिने ते मोठ्याने वाचलं. शाळेत वाचायची तसं, स्वल्पविरामासकट.

"मोठ्या वन्सं. विषारी. तोंड लागल्यास आग होते, लाळ गळते, आवाज बसतो. उपाय: कोंडून ठेवावे. शक्यतो घरात घेऊ नये."

"अक्षर तुझं आहे," ती म्हणाली.

"कार्ड माझं. काडी तिची," मी म्हटलं. खरं बोललो की सुटका होते, अशी माझी जुनी समजूत.

"म्हणजे दोघांनी मिळून लिहिलंय."

मी समजावायचा प्रयत्न केला. हे तुझ्याबद्दल नाही, तू जे दिलंस त्याबद्दल आहे. त्याने आणखी बिघडलं. चौतीस वर्षांत तिने आम्हाला काय काय दिलं, ते ती सांगू लागली. मुलीचा पाळणा, तीन पातेली, माझ्या नोकरीच्या अर्जाचा मसुदा, बायकोच्या बाळंतपणातले दोन महिने. यातलं विषारी काय होतं तेवढं सांग, म्हणाली. मी म्हटलं, मोठी पानं, पांढरे ठिपके. ती म्हणाली, आता माझ्या रूपावर येऊ नकोस.

शेवटी ती आत गेली, स्वतःची कुंडी उचलली, कमरेइतकी उंच, आणि कडेवर घेऊन निघाली. तिच्या आवाजाला मात्र काहीही झालेलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत तो स्पष्ट ऐकू येत होता.

मी दार लावून हॉलमध्ये बसलो. घरात एकदम शांत झालं. मग ती शांतता मोडणारा आवाज आला, खोल, ओला, पोटातून येणारा. स्वयंपाकघरात हंगामी मान खाली घालून ओकत होती. फरशीवर पाणी आणि त्यात हिरवे तुकडे.

बाथरूमचं दार सताड उघडं. आक्काकडून जाताना लावायचं राहिलं, आणि तिच्यामागे जाऊन बघायचं काम कोणाचं? सुपरवायझरचं. मी आत धावलो. सहा लाल कुंड्या, पान अन् पान तपासलं, एकावरही खूण नाही. कायम बादलीत झोपला होता. परत स्वयंपाकघरात आलो आणि खिडकीकडे नजर गेली. पांढऱ्या पट्ट्यांची निम्मी पानं कात्रीने कापावीत तशी गेली होती.

प्रलंबित. माहिती येणे बाकी.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर मुलीने फ्रिजवर लावून ठेवला होता. फिरवला.

"मांजरीने काय खाल्लंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सुपरवायझर."

"किती?"

"कडेकडेने. निम्मा असेल."

"तुम्ही कोण बोलताय?"

"मीच तो."

त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. घरात दुसरं कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग मी खिडकीतलं झाड म्हणालो, तेव्हा त्या म्हणाल्या, मांजर आणा, झाडही आणा, आणि सावकाश या.

मी हंगामीला भाजीच्या टोपलीत घातलं, वर टॉवेल टाकला, एका हातात टोपली आणि दुसऱ्या हातात कुंडी घेऊन जिना उतरलो. कठडा न धरता जिना उतरू नये, हा माझाच फलक. त्या मांजरीबद्दल मला काही वाटतं, हे मी तोवर कुणाला कबूल केलं नव्हतं, मलाही नाही. पण ती टोपलीत गप्प पडली होती. हंगामी गप्प! या घरातून आणखी कोणी गेलेलं मला चालणार नव्हतं. आणि तेही माझ्या नावाच्या झाडाने तर नाहीच.

खाली आक्का टॅक्सीत बसत होती, कुंडी मांडीवर. पानं खिडकीबाहेर आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि सरकून जागा केली.

"बस," एवढंच म्हणाली.

दवाखान्यात आम्ही दोघं बाकावर बसलो. साठीपुढचा एक माणूस, त्याची त्याहून मोठी बहीण, एक मांजर, दोन कुंड्या. समोर पट्टा धरून बसलेला एक कुत्रेवाला आमच्याकडे टक लावून बघत होता. आक्काने त्याला विचारलं, काही शंका आहे का? त्याने नजर खाली वळवली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि हातभर ओरखडे होते. त्यांनी हंगामीच्या हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं, ताप घेतला. मग कुंडी उजेडात धरली.

"हा तर स्पायडर प्लांट," त्या म्हणाल्या. "याने काही होत नाही हो. मांजरांना चघळायला आवडतो. जास्त झालं की ओकतात आणि पुन्हा खातात. आज पाणी द्या, खाणं थोडं कमी. उलट्या थांबल्या नाहीत तर मात्र आणा."

त्या बोलतच होत्या. अगदी निरुपद्रवी झाड. देखणं म्हणता येणार नाही, फूल कधी आलं तरी लक्षात येत नाही, पण पाणी विसरलात तरी जगतं, कोणी लक्ष दिलं नाही तरी जगतं. इतकं सांगून त्यांनी आक्काच्या मांडीकडे बोट केलं. "हे मात्र घरात ठेवू नका. चांगलंच विषारी आहे."

"मला कळवलंय," आक्का म्हणाली. "लेखी."

परतताना टॅक्सीत हंगामी टोपलीतून डोकं काढून आक्काची पानं हुंगायला लागली. आक्काने कुंडी दुसऱ्या गुडघ्यावर घेतली. मी म्हटलं, एक कळत नाही. हे झाड मी तिला कधी दिलं?

आक्काने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती गणितात नापास झालेल्या पोरांकडे बघायची.

"तुमच्या कारखान्यात सेफ्टी वीक होता. अपघात झाला नाही म्हणून सगळ्यांना प्लास्टिकच्या कपात एकेक रोप दिलं होतं. तू ते डब्याच्या पिशवीत टाकलंस आणि विसरलास. चार दिवसांनी तिला सापडलं, पार चेमटलेलं. मला तिचा फोन आला. म्हणाली, वन्सं, यांनी मला झाड आणलं."

"मी आणलं नव्हतं. राहिलं होतं पिशवीत."

"तिला काय ठाऊक नव्हतं?" आक्का म्हणाली. "काडी तिची. काय लिहायचं ते ती ठरवणार."

पुढे घर येईपर्यंत मी रस्ता बघत होतो. रस्ता नीट दिसत नव्हता. टॅक्सीची काच कुणी पुसलेली नव्हती.

त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना पुन्हा फोन केले. रविवारी सकाळी मुलगी व्हॅन घेऊन आली, तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शिंपी कोरफड घेऊन बसला होता, दंतवैद्याने मनीप्लांट गळ्याभोवती गुंडाळला होता, वरच्या मजल्यावरची सून तिसऱ्यांदा चहा ओतत होती. लाल कार्डाची एकेक कुंडी ज्याची त्याच्याकडे परत निघाली होती, पण निघत कोणीच नव्हतं. सगळे तिच्याबद्दल बोलत होते. दंतवैद्य तोंड उघडायच्या अटीची गोष्ट सांगत होता. माझी मुलगी पिशवी हातात तशीच धरून भिंतीला टेकून ऐकत राहिली. व्हॅन रिकामी गेली. वहीवर सही मात्र झाली नाही. ती म्हणाली, बाबा, अज्ञात वस्तू खिडकीत ठेवली होती, सही कशी करू?

काड्या मी कुणाला दिल्या नाहीत. त्या एका पेल्यात उभ्या आहेत. गुरुवारी मी शिंप्याकडे कोरफडीला पाणी घालायला जातो. कोरफडीला इतकं पाणी लागत नाही, असं तो म्हणतो, आणि स्टूल पुढे सरकवतो. लिलीच्या दोन्ही कळ्या लायब्ररीत फुलल्या. मी उठून गेलो आणि बघितल्या. आक्काने आपली कुंडी दारात ठेवली आहे, माझ्या लाल कार्डासकट. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते दाखवते. वेलांटी तिने दुरुस्त केली आहे.

घरात आता पंधरा हिरवी कार्डं आहेत. सुपरवायझर स्वयंपाकघराच्या खिडकीतच आहे. मांजरीपासून त्याला जपावं म्हणून मी चार दिवस टांगून बघितला, जाळी लावून बघितली, संत्र्याची सालं ठेवून बघितली. काही उपयोग नाही. बाकी चौदा कुंड्यांना हंगामी तोंडसुद्धा लावत नाही. रोज सकाळी उडी मारून खिडकीत जाते, सुपरवायझरचं एक पान चघळते, तोंड वाकडं करते, निघून जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

हा प्रकार मला नवीन नाही. चौतीस वर्षं बघितलाय. मी तेव्हा पेपर वाचत होतो, एवढंच.